विषय: नागपूरचा उद्योजक मेळावा – फोन नंबरांची यादी

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.
गुरुवारी संध्याकाळपर्यंत हे ठरायलाच हवं, शुक्रवारी नागपूरला छपाईला द्यायचंय. आपल्या जर्मनीतल्या मंडळाच्या डिसेंबरच्या नागपूर मेळाव्याला येणाऱ्यांची यादी फोन नंबरांसकट आधीच सगळ्यांना पाठवायची का? हिंगण्याच्या दोघांनी आणि बुटीबोरीच्या वहिनींनी स्पष्ट कळवलंय की गेल्या वेळसारखी यादी फिरणार असेल तर आम्हाला धरू नका. गेल्या वेळचं उगाळू नये ही विनंती. सभागृहाचं ठरलेलं आहे, त्यावरही नको.

उत्तर: महाल

यादीशिवाय मेळावा कसा घेणार सचिवसाहेब? आपले लोक वर्षातून एकदा घरी जातात, त्यात दोन लग्नं आणि एक वास्तुशांत असते. कोण येऊन राहिलं हेच माहीत नसलं तर दोन तासांत माणूस काय करणार? तर्री पोहे खाऊन घरी जाणार. मला ज्यांना भेटायचं असते त्यांना मी आधी फोन करतो, अर्धं काम तिथंच होते. आणि पहिल्या मेळाव्यापासून यादी व्यवसाय समितीच करते. हा विषय कार्यकारिणीत गेलाच काहून?
बाकी सिव्हिल लाइन्सचं सभागृह अधिवेशनाच्या दिवसांत घेणं मला पटलेलं नाही, नोंद असू द्या.

उत्तर: बर्डी

महालभाऊंशी सहमत, सभागृहाबद्दल. डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात असलं की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, टेकडी रोड बंद, गाड्या कुठून वळवतील नेम नाही. रविवारी सहसा कामकाज नसतं हे खरं, पण हॉटेलं तर भरलेलीच राहतात ना! पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना खोल्या कुठे मिळणार? निमंत्रणात निदान मेट्रोने या असं छापा. झीरो माईलला उतरून रिक्षा केली तर लवकर पोचतील.

उत्तर: खामला

सचिवांनी उगाळू नका म्हटलंय, पण काय झालं ते पुष्कळांना माहीतच नाही, म्हणून लिहिते. मी सध्या इथेच आहे, नागपुरात. बाबांच्या वर्कशॉपचे फोन मीच घेते. गेल्या मेळाव्याची यादी आल्यापासून आम्हाला जे मेसेज आले त्यातला एक शब्दशः असा: "डिअर सर, वुई आर लीडिंग सोल्यूशन प्रोव्हायडर, काइंडली सी अटॅच्ड." खाली जड पीडीएफ. आला रात्री दोनला. पाठवणारे मंडळातलेच, धरमपेठेत वाढलेले. बाबांशी मराठीत बोलता आलं असतं. बाबा ट्रॅक्टरच्या कारखान्याला सुटे भाग देतात आणि त्या पीडीएफमध्ये दवाखान्यांसाठीचं सॉफ्टवेअर होतं. मग तेच पुन्हा, आणि पुन्हा. कोणी इन्शुरन्सवाला, कोणी प्लॉटवाला. बाबांनी सगळे नंबर ब्लॉक केले आणि त्यात स्टुटगार्टचे एक सज्जन गृहस्थ गेले, ज्यांना खरोखर आमच्याकडून बुशिंग हवे होते. ते कळलं पार संक्रांतीनंतर, दुसऱ्याच कोणाकडून.
नंबर देणं वाईट नाही. पण नंबर मिळाला म्हणजे ओळख झाली असं नसतं.

उत्तर: रामदासपेठ

ताईंनी लिहिलं ते गंभीर आहे. मंडळ जर्मनीत नोंदलेलं आहे. २५ मे २०१८ पासून लागू झालेला युरोपचा माहिती संरक्षण कायदा आपल्यासारख्या छोट्या संस्थांनाही लागू आहे. भारताचाही तसा कायदा २०२३ साली झाला. ज्या कामासाठी नंबर घेतला त्याच कामासाठी तो वापरायचा, आणि तोही त्या माणसाला विचारून, एवढं तरी आपण पाळू शकतो. नोंदणीच्या अर्जात एक चौकोन ठेवा: "माझा नंबर इतरांना द्यायला हरकत नाही." टिचकी मारली तर छापा, नाही तर नाही.

उत्तर: महाल

मग फराळाच्या ऑर्डरच्या यादीलाही वकील लावा. वर्षानुवर्षं लोक विश्वासाने नंबर देत आले. दोन-चार जणांनी चुकीचे मेसेज टाकले तर त्यांना समज द्या, सगळ्यांची यादी बंद करायची गरज नाही.
आणि खामल्याच्या ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याकडे मी कॉलेजात असताना लेथ बघायला जात होतो.

उत्तर: बर्डी

समज कोण देणार? गेल्या वेळी पण द्यायची ठरली होती.

उत्तर: प्रतापनगर

उशिरा लिहितोय, प्रवासात होतो. थोडं लांबेल.
महालभाऊ म्हणतात की कोण येणार ते आधी कळायला हवं. बरोबर आहे. ताई म्हणतात की नंबर वाऱ्यावर सोडू नका. तेही बरोबर आहे. म्हणून यादी पाठवावी, पण त्यात नाव, गाव, काय करतात आणि कशाच्या शोधात आहेत एवढंच असावं. नंबर लागला की मधल्या माणसाला विचारा.
हा मधला माणूसच आपण विसरलो आहोत. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनच्या एका उपनगरात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारा असं सांगणारे फक्त १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारा असं ५५.६ टक्क्यांनी सांगितलं आणि क्वचित भेटणारा असं २७.८ टक्क्यांनी. कारण साधं आहे. आपल्या घट्ट मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही बहुतेक माहीतच असतं. नवीन बातमी जरा लांबच्या माणसाकडून येते. आपलं मंडळ म्हणजे अशा लांबच्या ओळखींचाच साठा आहे. बुटीबोरीच्या वहिनींना म्युनिकचा खरेदीवाला कुठे भेटणार? तो आपल्यातल्या कोणाच्या तरी शेजारी बसतो. पण रात्री दोनच्या पीडीएफने या ओळखी आटतात.
मी स्वतः असं करतो. दोघांची गाठ घालून द्यायची असेल तर आधी दोघांनाही वेगवेगळं विचारतो. "अमुक माणूस अमक्या कामासाठी बोलू इच्छितो, नंबर देऊ का?" हो आलं तरच देतो. कोणी नको म्हटलं तर समोरच्याला "सध्या ते कामात आहेत" एवढंच कळवतो, दोघांचाही मान राहतो. आणि ज्याला नंबर दिला त्याला सांगतो की पहिला मेसेज असा लिही:
"नमस्कार काका, मी प्रतापनगरचा, सध्या स्टुटगार्टला असतो. वहिनींनी तुमचा नंबर दिला. आमच्या कंपनीला छोट्या संख्येत पितळी बुशिंग लागतात. तुम्ही असं काम घेता का? घेत असाल तर तुमच्या सोयीच्या वेळी दहा मिनिटं फोन करीन."
ओळख कोणाची, काम काय, वेळ किती मागतो आहे, सगळं आलं. काही जोडायचं नाही. फोन करताना जर्मनीचं घड्याळ बघू नका, हिवाळ्यात आपण साडेचार तास मागे असतो. इथे जेवून निवांत फोन लावाल तेव्हा तिकडे काका झोपलेले असतात.
अजून एक सांगतो. हनोव्हरच्या प्रदर्शनात हिंगण्याचे एक गृहस्थ भेटले होते. कार्ड घेतलं की ते तिथल्या तिथे मागच्या बाजूला पेन्सिलने लिहायचे: "जस्ताचा थर, नमुना, मंगळवारी." आणि मंगळवारी नमुन्याचा फोटो खरंच यायचा. तिथे मोठमोठे स्टॉल लावणाऱ्यांपेक्षा यांचे धागे जास्त टिकले. मेळाव्यात कोऱ्या कार्डांबरोबर पेन्सिली ठेवा, एवढं माझ्या खर्चाने करतो.

उत्तर: खामला

प्रतापनगरदादा, हा मेसेज बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, असा आला असता तर त्याच दिवशी फोन केला असता. फक्त एक भर घाला: काम जमणार नसेल तर समोरच्यानेही तसं कळवावं. आपल्याकडे "बघतो, सांगतो" म्हणून महिने जातात. नाही म्हणणाऱ्याचा राग येत नाही हो, ताटकळत ठेवणाऱ्याचा येतो. आमच्याकडूनही यापुढे दोन दिवसांत उत्तर जाईल.

उत्तर: रामदासपेठ

पेन्सिली मंडळाच्या खर्चातून घेता येतील, खजिनदारांना विचारा. चौकोनाचं मात्र अजून कोणी बोललं नाही.

उत्तर: सचिव

मग असं करू या. यादी जाईल. नाव, गाव, व्यवसाय आणि काय हवं आहे. नंबर फक्त चौकोनात टिचकी मारणाऱ्यांचे. बाकीच्यांसाठी प्रत्येक नावापुढे "ओळख करून देणारे" म्हणून मंडळातला एक जण, त्याने आधी विचारून मगच नंबर द्यायचा. यादी व्यवसाय समितीच करील. महालभाऊ, तुमच्याकडून गुरुवार दुपारपर्यंत मिळेल ना? हिंगणा आणि बुटीबोरीला मी आजच कळवतो.

उत्तर: महाल

बुधवारीच देतो. हिंगण्याची नावं माझ्याकडे ठेवा, त्यांची ओळख मी करून देईन, विचारून. माझ्या नावापुढे नंबर छापा, चौकोनबिकोन नको, ज्याला फोन करायचा त्याने करावा.
सभागृहाचं मात्र पुढच्या वर्षी वेळेत बोलू.

उत्तर: बर्डी

आणि मेट्रोचं छापणार ना?