मदत हवी आहे : बहिणीला डॉक्टर करणं पैशाच्या हिशोबात अजून परवडतं का?

नमस्कार मंडळी, मी तासगावचा, घरी दीड एकर द्राक्षबाग. धाकटी बहीण यंदा बारावीला, नीटची तयारी चाललीय. पहाटे चारला उठून बायोलॉजीचं पुस्तक घेऊन बसते, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा, कोपरे पार झिजलेत. टेस्टला ७२० पैकी ४५०-५०० च्या मधे पडतात. मिरजेचं नाहीतर साताऱ्याचं सरकारी कॉलेज मिळालं तर सोनंच, पण नाही मिळालं तर प्रायव्हेटची फी, ती बाग विकल्याशिवाय निघणार नाही आणि आण्णा त्यालाही तयार झालेत, याचीच मला धास्ती वाटतीय.

काल वहीत हिशोब मांडला. साडेचार वर्षं कॉलेज, १ वर्ष इंटर्नशिप, सरकारीतनं झालं तर वर्षभर बाँड म्हणजे सरकारी दवाखान्यात सक्तीची नोकरी, मग परत पीजीची नीट आणि एमडी-एमएसची ३ वर्षं. म्हणजे पोरगी हातात धड पैसे घेईपर्यंत तिशी आली. आणि आमच्याकडं फेब्रुवारीत एक अवकाळी झाला की घड तडकतात, त्या वर्षी हप्ता कुठनं भरायचा?

तिला हुशारी आहे, मनापासून करायचंय, तिचं मन मोडायचं नाही मला.

सांगली-मिरज भागात कुणी प्रॅक्टिस करत असेल किंवा घरात कुणी नुकतं एमबीबीएस झालं असेल तर प्लीज खरं सांगा, सुरुवातीला हातात किती येतं, प्रायव्हेटला घालून पैसे निघतात का, का एक वर्ष ड्रॉप घेऊन सरकारीसाठीच थांबावं? आण्णा दिवाळीनंतर बागेचं गिऱ्हाईक बघणार आहेत.