पँगाँगवरचे दिवे: गुरू-शुक्रच की आणखी काही?

रोहिणीसखा
"लडाखमध्ये जवानांनी यूएफओ पाहिल्या, सरकारने ग्रह म्हणून प्रकरण दडपलं" ही कालची पोस्ट वाचून गप्प बसवेना. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ दरम्यान पँगाँगजवळ ठाकुंगला असे दिवे ३२९ वेळा नोंदले गेले. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तपासलं तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले. त्या साली गुरू वृषभेत, रोहिणीच्या शेजारी होता. ३ डिसेंबरला प्रतियुती, म्हणजे सूर्य मावळताच पूर्वेला हजर. शुक्र पहाटे, तोही पूर्वेला. आणि पूर्वेला चीन, म्हणून चिनी ड्रोनचा संशय. यात दडपायचं काय?

सीमापार
इतकं सोपं होतं तर लष्कराने डोंगरावर रडार आणि रेडिओ संदेश टिपणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर कशाला चढवला? दोन्हींवर काही उमटलं नाही, म्हणूनच तर शंका आली. लडाखमधल्याच हानले वेधशाळेच्या खगोलज्ञांनी "हे ग्रह नाहीत" असं सांगितल्याचं तेव्हा छापून आलं होतं, ते तुम्ही गाळलंत.

रोहिणीसखा
हानलेची बातमी होती, मान्य. पण निकाल लागला तो नंतर, वेळ आणि दिशा नीट टिपल्यावर. रडारवर न दिसणं हा तर माझ्याच बाजूचा पुरावा! साठ कोटी किलोमीटरवरच्या गुरूचा प्रतिध्वनी त्या रडारला कुठून मिळणार? दिवा तीन ते पाच तास वर सरकत राही. आकाश तासाला १५ अंश फिरतं. शिवाय गुरू रोज चार मिनिटं आधी उगवतो, पंधरवड्यात तासभर. ड्रोन हे वेळापत्रक पाळेल का?

टेकडीवरचा
माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. दिव्यांनी १५५ वेळा चीनलगतची प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडली अशी नोंद झाली. एका जागेवरून दिव्याचं अंतर कळत नाही, मग ओलांडली हे ठरवलं कशावरून? पाच किलोमीटर अंतरावर दोन थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणी लावा, कोनाचं शून्य ध्रुवताऱ्यावर धरा, वेळ जीपीएसची घ्या. होकायंत्र नको, जीपजवळ सुई भरकटते. समोर वीस किलोमीटरवर ड्रोन असेल तर दोन दिशांत चौदा अंशांचा फरक पडेल. ग्रह असेल तर शून्य.

सीमापार
अमेरिकन नौदलाच्या विमानातून २०१५ मध्ये टिपलेल्या 'गोफास्ट' व्हिडिओत तर अंतरही दिसतं. वस्तू पाण्यालगत सुसाट जातेय. तिथे कोणता ग्रह आणणार?

अंशमात्र
पडद्यावरचे आकडे तरी वाचा. विमान २५,००० फुटांवर, कॅमेरा २६ अंश खाली, अंतर ४.४ सागरी मैल. ४.४ गुणिले साइन २६, म्हणजे ०.४४, बरोबर १.९३ सागरी मैल, सुमारे ११,७०० फूट. वजा केलं की वस्तू १३,३०० फुटांवर येते. पाण्यालगत कुठली? अशा अनोळखी वस्तू तपासणाऱ्या पेंटागॉनच्या 'आरो' कार्यालयानेही साधारण १३,००० फूटच काढले. त्याच रेषेत समुद्र ९.४ सागरी मैलांवर आहे, दुपटीहून लांब. विमान पुढे जातं आणि मागचं पाणी उलटं धावतं. तो वेग वस्तूचा नाहीच.

सीमापार
४.४ हा आकडाच चुकीचा असेल तर?

अंशमात्र
दहा टक्के चुकू द्या, उंची जेमतेम १,२०० फुटांनी बदलेल. पाण्याला टेकवायला अंतर दुपटीहून जास्त चुकावं लागेल. वही घ्या आणि स्वतः करून बघा.

सीमापार
केलं. गोफास्टची उंची तुमचीच बरोबर, तो मुद्दा सोडला. लडाखचा नाही सोडत. त्या ३२९ नोंदींपैकी किती नोंदींना दिशा आणि उंचीचे अंश मोजलेले होते, ते सांगा.

टेकडीवरचा
हा प्रश्न पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवा होतात.