मदत हवी आहे: लॅब्रॉडॉरची पीआरए (डोळ्यांचा आनुवंशिक आजार) टेस्ट, कोल्हापुरात सॅम्पल कोण घेतं?

नमस्कार मंडळी. आमची राणी पुढच्या हीटला मेटिंगला द्यायचा विचार आहे. नर कळंब्याचा, दिसायला देखणा. त्याचे मालक म्हणतात, "कुत्रं धडधाकट आहे, टेस्ट कशाला?"

पण राणीच्या सख्ख्या बहिणीला दिवेलागणीनंतर उंबरा दिसत नाही. पाय चाचपत टाकते, बाहुल्या मोठ्या आणि चमकत्या दिसतात. डॉक्टरांना पीआरएचा संशय आहे. यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो, आधी रात्रीची नजर जाते, मग सगळीच. औषध नाही. लॅब्रॉडॉरमधला पीआरसीडी प्रकार उशिरा कळतो, बऱ्याचदा पिल्लं होऊन गेल्यावर, म्हणून वरून धडधाकट दिसण्याला अर्थ नाही.

दोष आई-बाप दोघांकडूनही आला तरच पिल्लू आंधळं होतं. दोघंही वाहक (स्वतः निरोगी, पण दोष पुढे देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका. एक जरी पूर्ण क्लिअर, म्हणजे हा दोष अजिबात नसलेला, असेल तर या प्रकाराची भीती नाही. त्यामुळे राणी वाहक निघाली तर मला नराचा रिपोर्ट हवाच, नाहीतर मेटिंग नाही.

गालाच्या आतून स्वॅब किंवा रक्त देऊन डीएनए टेस्ट होते. राजारामपुरी, शाहूपुरी भागात सॅम्पल घेऊन लॅबला पाठवणारे डॉक्टर आहेत का? खर्च किती, रिपोर्ट किती दिवसांत? आणि बाहुली मोठी करून पडदा तपासणारं कुणी इथे आहे, की शिरवळ किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जावं लागेल? मोतीबिंदूसारखे बाकीचे दोष या टेस्टमध्ये कळत नाहीत, म्हणून तीही तपासणी करायची आहे.

नराच्या मालकांना कसं समजावलंत, तेही कुणी सांगा.