मदत हवी आहे: गुरुवारी एमबीएचा मॉक इंटरव्ह्यू कोण घेईल?

नमस्कार मंडळी. स्नॅपचा, म्हणजे सिम्बायोसिसच्या एमबीए प्रवेश परीक्षेचा, स्कोअर बरा आलाय, आता त्यांच्याच दोन कॉलेजांच्या, लवळ्याच्या एसआयबीएम आणि हिंजवडीच्या एससीएमएचआरडीच्या मुलाखतीची तयारी करतोय. मी मेकॅनिकलचा, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. आमची सुट्टी गुरुवारी आणि क्लासवाल्यांचे सगळे मॉक शनिवार-रविवारी! गुरुवारी किंवा रात्री नऊनंतर ऑनलाइन मॉक घेणारं कुणी आहे का? क्लासच हवा असं नाही, अलीकडेच ॲडमिशन मिळालेला सीनियर असेल तर उत्तमच. एका क्लासच्या सरांनी 'व्हाय एमबीए'चं तयार उत्तर हातात दिलं, तेच माझ्या आधीच्या मुलालाही दिलं होतं. असलं नकोय.

खरी अडचण कामावरच्या प्रश्नांची. मित्राने सहज विचारलं, 'तुमच्या लाईनवर बोअरचा (पार्टमधल्या भोकाचा) व्यास शिफ्टभरात सरकतो का?' टूल झिजतं, मशीनला ऑफसेट (झिजेइतकी दुरुस्ती) द्यावा लागतो, इथवर ठीक. मग म्हणाला, सीपी (मापांचा पसारा ठरलेल्या मर्यादेत मावतो का, ते सांगणारा आकडा) चांगला असून सीपीके (सरासरी मध्यावर आहे का, हेही बघणारा आकडा) खराब कसा? पसारा कमी आहे पण सरासरी मध्यावरून ढळलीय, हे मी शॉपवर रोज बोलतो. पण पॅनलसमोर, इंजिनिअर नसलेल्या माणसाला, इंग्रजीत? तिथे ततपप होतं. याचा सराव कसा केलात?

आणि 1 फेब्रुवारीच्या बजेटवर किती खोलात विचारतात? वित्तीय तूट म्हणजे काय एवढं पुरतं, की आकडेही पाठ हवेत? कोथरूड, कर्वेनगरकडचं कुणी असेल तर प्रत्यक्ष भेटायलाही येईन, चहा माझ्याकडून.