हातातोंडाशी आलेला घास आपणच का सांडतो?

उद्यमनगरवाला:
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन वर्षांपूर्वी पंपाच्या हौसिंगचं ट्रायल काम आलं. सॅम्पल पास झालं. पार्टीचा फोन आला, "शनिवारपर्यंत कोटेशन पाठवा, २०० जॉबची ऑर्डर देतो." कागद टेबलावर होता. रोज संध्याकाळी तो भरायला बसायचो आणि उठून लेथ पुसायचो, जुने इन्सर्ट (धातू कापायची पाती) डब्यात वेगळे करायचो. शनिवार गेला. घरी सांगितलं, पार्टीनं माघार घेतली. हे आज पहिल्यांदा कुणाला सांगतोय.

सॅम्पल फेल झालं असतं तर मी एवढा घाबरलो नसतो. बोअर (हौसिंगच्या आतलं गोल भोक) मापात कसा बसला हे माझं मलाच कळलं नव्हतं. पुढचे २०० तसे निघतील कशावरून?

बर्गलास आणि जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली एक प्रयोग मांडला. काही विद्यार्थ्यांना न सुटणारे प्रश्न दिले, तरी "छान केलंत" म्हणून सांगितलं. मग दुसऱ्या परीक्षेआधी दोन औषधं पुढं ठेवली, एक डोकं चालवणारं, दुसरं मंद करणारं. आपण का जिंकलो हेच ज्यांना माहीत नव्हतं, त्या मुलांचा कल मंद करणाऱ्या औषधाकडं जास्त होता. म्हणजे हरलो तर दोष औषधाचा. वाचलं आणि माझं टेबल डोळ्यांसमोर आलं. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय?

शाहूपुरीकर:
दादा, मनापासून लिहिलंत, पण मला हे पटत नाही. "स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारली" हे दुसऱ्याला म्हणणं फार सोपं असतं. माझा मावसभाऊ तालमीत होता. दूध, तूप, बदाम, सगळा खुराक उसाच्या बिलावर. बिल थकलं, भाऊ गावी परतला. गावात काय बोलले? "जिद्द नव्हती."

खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, त्याआधी जायच्या पैशासाठी दारोदार फिरावं लागलं. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. ते पैसे उभे राहिले नसते तर खाशाबांनाही लोकांनी हेच ऐकवलं असतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली, १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. पोराच्या मनात काय भीती आहे हे विचारत बसले नाहीत, आधी राहायची-जेवायची सोय केली.

तुमचंच बघा. पेमेंट किती दिवसांनी मिळणार होतं? कच्च्या मालाला भांडवल होतं का?

उद्यमनगरवाला:
पेमेंट ९० दिवसांनी. बँकेची लिमिट भरलेली होती, हे खरं. पण मी तो हिशेब केलाच नाही हो. करून "जमत नाही" म्हणालो असतो तर आज हे डाचलं नसतं.

दुधाळीची ताई:
मी स्पर्धा परीक्षेच्या मुलींना शिकवते. पूर्व परीक्षेत नापास झालेली मुलगी चार दिवस रडते आणि पुस्तकं उघडते. पास झालेली मुलगीच हातातून निसटते. मुख्य परीक्षा तोंडावर आली की तिला बहिणीच्या लग्नाचा बस्ता आठवतो, महाद्वार रोडच्या खेपा सुरू होतात.

एकीचं हॉल तिकीट आदल्या दिवशी "हरवलं". डब्याच्या पिशवीत मिळालं, चार घड्या घालून भाकरीच्या फडक्याखाली. मी रागावले नाही, जवळ बसले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मॅडम, पास झाले तर पोस्टिंग लांब मिळणार. आईला दवाखान्यात कोण नेणार?"

शाहूपुरीकर:
ताई, हेच तर मी म्हणतोय! तिनं यश नासवलं नाही, आई निवडली. त्याला मनाचा आजार का म्हणायचं?

दुधाळीची ताई:
आजार मीही म्हणत नाही. पण आई निवडली असती तर तिनं ते घरात उघड सांगितलं असतं. तिकीट फडक्याखाली ठेवलं, कारण तिला ते स्वतःशीही बोलता येत नव्हतं. ती त्या परीक्षेला बसली नाही. आईसाठी दवाखान्याची गाडी लावायचं महिनाभर आधी बोललो असतो तर बसली असती, याची मला खात्री आहे. म्हणून तुमचंही पटतं आणि दादांचंही. फक्त "परिस्थिती" म्हणून विषय मिटवू नका.

गंगावेशीतला:
तालमीत हे वस्तादाला लगेच कळतं. मोठी जोड ठरली की एखाद्या पोराचा गुडघा दुखायला लागतो. आमचे वस्ताद समजूत काढत बसत नसत. पोराला रोज सगळ्यांदेखत हौद्यात उतरवायचे, कधी मोठ्याशी, कधी बारक्याशी. दहादा पाठ मातीला लागली, कुणी हसलं नाही, की गुडघा आपोआप बरा. खासबागेच्या कुस्ती मैदानात आखाडा खाली आणि माणसं चारी बाजूंना वर बसलेली, तिथं लपायला जागा नसते. हरायची सवय आधी घरच्या मातीतच व्हावी लागते. दादा, तुमच्या शॉपमध्ये तुम्हाला हरताना बघणारं कुणी आहे का?

उद्यमनगरवाला:
नाही. एकटाच असतो. बायकोला काल रात्री खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग परत काढून बघा की तो जॉब."

जुनं ड्रॉइंग सापडलंय. एक कास्टिंगही शिल्लक आहे. या खेपेला स्पीड, फीड, इन्सर्ट कितव्या जॉबला बदलला, सगळं वहीत लिहीत जाणार. आज संध्याकाळी बोअर काढतो, माप इथं टाकतो. चुकलं तरी टाकतो.

शाहूपुरीकर:
टाका. आणि ९० दिवसांचं व्याज धरून रेटही काढा. आकडे द्या, मी बसतो तुमच्याबरोबर हिशेबाला.