घाटात दम सोडते, सकाळी मिसिंग मारते: 2008 चा डिझेल पिकअप

पालीचा पिकअप
नमस्कार मंडळी. गाडी 2008 ची, अडीच लिटरचं चार सिलिंडर डिझेल, टर्बो आहे, सिलिंडरला डिझेल पुरवायला रोटरी पंप. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारं जास्त प्रेशरचं इंजेक्शन) नाही, सेन्सरची भानगड नाही. आंब्याच्या सीझनला रत्नागिरी-कोल्हापूर मारतो, पावसाळाभर गाडी दारात उभी.

त्रास दोन. सकाळी पहिला स्टार्ट मारला की मिसिंग, म्हणजे तीन सिलिंडरवर चालल्यासारखी थडथडते, पांढरा धूर, डोळे चुरचुरतात. गरम झाली की निवळते. दुसरा त्रास घाटात. नाणीजपर्यंत मस्त. साखरपा सोडून आंबा घाट लागला की तिसऱ्या गिअरला झटके खाते, पाय पूर्ण दाबला तरी ओढत नाही. बाजूला घेऊन बंद केली, जरा थांबलो, की काही झालंच नाही अशी निघते. थोडी वळणं चढली की पुन्हा तेच. मलकापूरच्या सपाटीला गप्प.

डिझेल फिल्टर नवा टाकलाय. गॅरेजवाला म्हणतो पंप उतरवू, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी चारही नोझल बदलू. खर्च ऐकून पोटात गोळा आला. पंपच असेल का?

हायवे_किंग
भाऊ, आधी स्पार्क प्लग आणि कॉइल बघा. माझ्या कारला सेम झालं होतं, प्लग बदलले, विषय संपला.

पंपखोली
हायवे किंग, डिझेलला स्पार्क प्लग नसतो हो. काही इंजिनांना हीटर प्लग असतात, ते थंडीत स्टार्ट करायला. घाटात त्यांचा काय संबंध?

पालीकर दादा, पंपाला आत्ता हात लावू देऊ नका. मी कोल्हापुरात पंप-नोझलचंच काम करत आलोय, पंप उतरवला की माझ्यासारख्याचं बिल होतं, तरी सांगतोय. तुमचे आजार दोन आहेत आणि औषधं वेगळी. एकाच वेळी सगळं उघडलं की कशानं बरं झालं ते कुणालाच कळत नाही.

आधी एक सांगा. घाटात गाडी मरते तेव्हा धूर वाढतो की गायब होतो? काळा धूर ओकत असेल तर डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय: टर्बोचा होस फाटलाय, क्लिप सुटलीय, एअर फिल्टर चोंदलाय. धूर काहीच नाही आणि ताकदही नाही, तर इंजिन उपाशी आहे. थांबल्यावर बरी होते म्हणता, त्यावरून मला दुसरंच वाटतंय. सपाटीला थोडं डिझेल पुरतं, भरल्या गाडीनं चढ लागला की पंप जास्त ओढायला जातो आणि मागून येत नाही.

तसं असेल तर टाकीकडून सुरुवात करा. झटके सुरू झाले की लगेच टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय, फुकटात काम झालं. नाही गेली तर पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, चांगलं डिझेल भरा, केबिनच्या मागे हौद्यात पंपाच्या उंचीच्या वर घट्ट बांधा. टाकीकडून फिल्टरला येणारा पाइप सोडून नवा पाइप कॅनमधून द्या. रिटर्नचा (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) पाइपही कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅनमधलं डिझेल टाकीत जाऊन मध्येच गाडी बंद पडेल. पाइप सायलेन्सरपासून लांब ठेवा. पाइपात शिरलेली हवा काढा आणि तोच घाट चढा. गाडी चढली तर पंप निर्दोष, चोर टाकी आणि फिल्टरच्या मधे.

आणि गाडीखाली ओल शोधत बसू नका. सक्शनच्या (पंप डिझेल ओढतो त्या) बाजूला पाइपला चीर असली तर डिझेल बाहेर सांडेलच असं नाही, चालू गाडीत हवा आत ओढली जाते. फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी घातली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

सकाळच्या मिसिंगला हा उपाय. थंड इंजिन आयडलवर ठेवा, नोझलच्या पाइपचा नट एकेक करून अर्धा आटा सैल करा, परत आवळा, मग पुढचा. चालू सिलिंडरचा नट सोडला की आवाज लगेच पडतो. ज्याचा सोडून काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. वर फडकं धरा, चष्मा लावा, बोट फवाऱ्यासमोर नेऊ नका, डिझेल कातडीत घुसतं. वाचणाऱ्या बाकीच्यांना: कॉमन रेलच्या गाडीला हे अजिबात करायचं नाही, तिथं प्रेशर हजार बारच्या वर जातं.

घाटमाथा_64
एवढं कशाला? पंप एकदा कॅलिब्रेट करून घ्या, पाच वर्षं बघायला नको.

पंपखोली
घ्या की. मग टाकीत गाळ असेल तर तो त्याच कॅलिब्रेट केलेल्या पंपात जाईल.

पालीचा पिकअप
काका, धूर गायब होतो. झाकण उघडलं, आवाज नाही. मग कॅन बांधला आणि भरल्या गाडीनं घाट चढलो. मलकापूरपर्यंत एक झटका नाही!

काल टाकी उतरवली. सक्शन पाइपच्या तोंडाची जाळी काळ्या बुळबुळीत शेवाळासारख्या थरानं भरलेली, तळाला पाणी. सकाळच्या मिसिंगला तीन नंबर सापडला, नट सोडला तरी ढिम्म फरक नाही. आता पुढे?

पंपखोली
तो थर म्हणजे डिझेल आणि पाणी जिथं भेटतात तिथं वाढणारे जंतू. अर्धी टाकी ठेवून कोकणातला पावसाळा काढला की रिकाम्या जागेतली दमट हवा आत पाणी सोडते. गाडी चालताना गाळ जाळीला चिकटतो, थांबली की सुटून खाली बसतो, म्हणून ती विश्रांतीनं बरी व्हायची. टाकी धुवा, पाइपात उलटी हवा मारा, नवा फिल्टर पुन्हा बदला, तोही भरलाच असणार. पुढच्या जूनमध्ये टाकी गळ्यापर्यंत भरून उभी करा.

आता तीन नंबर. नवीन नोझल आणायच्या आधी तीन आणि एकची अदलाबदल करा. मिसिंग एक नंबरला गेलं तर नोझल टपकतंय, ते एकच टेस्टरवर लावून घ्या, चारही बदलायचं कारण नाही. मिसिंग तीनलाच राहिलं तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायचं, पंप त्याच्याही नंतर.

नोझल काढताना खालचा तांब्याचा वॉशर बरोबर आला का बघा. बऱ्याचदा तो भोकाच्या तळाशीच चिकटून राहतो, वरून नवा टाकला की दोन होतात, नोझल तेवढं वर बसतं आणि फवारा भलतीकडे पडतो. टॉर्च लावून आत बघा, अडकला असेल तर आकड्यानं काढा, नोझल बसायची जागा पुसा, मग नवा. जुना परत वापरू नका.