स्काउट पथकाला पालकाने मदत करावी ती कुठपर्यंत?

प्रश्न : सहावीतल्या स्काउटचे वडील, सातारा

माझा मुलगा जूनपासून शाळेच्या स्काउट पथकात जातो. पथकात ३२ मुले आणि चार संघ आहेत, पण स्काउटमास्टर एकच. तेही गणिताचे तास, परीक्षांचे आणि मतदारयादीचे काम सांभाळून शनिवारी शाळा सुटल्यावर पथक घेतात. पालकसभेत त्यांनी आठवड्याला दोन तास देणारे कोणी आहे का, असे विचारले, तेव्हा मी हात वर केला. लहानपणी मी स्वतः स्काउट नव्हतो आणि या कामाची मला काहीच माहिती नाही.

तीन शनिवार जाऊन आलो. गेल्या शनिवारी प्रत्येक संघाला तीन काठ्यांची तिपाई बांधून तिच्यावर हात धुण्याचे घमेले ठेवायचे होते. माझ्या मुलाच्या संघाला गाठ साधत नव्हती, सुतळी पुन्हा पुन्हा सुटत होती आणि शेजारचा संघ पुढे गेला होता. मला राहवले नाही. मी सुतळी हातात घेतली आणि पाच मिनिटांत तिपाई उभी करून दिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मात्र त्यांचा संघनायक, आठवीतला एक मुलगा, दोन पावले मागे सरकून उभा राहिला आणि पथक सुटेपर्यंत एक शब्दही बोलला नाही. घरी आल्यावर तेच डोळ्यांसमोर येत राहिले.

पुढच्या महिन्यात ‘खरी कमाई’, म्हणजे मुलांनी स्वतः पैसे मिळवण्याचा उपक्रम, आहे आणि डिसेंबरमध्ये दोन दिवसांचे शिबिर आहे. अशा वेळी पालकाने काय करावे आणि काय करू नये, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, अशी विनंती आहे. यासाठी काही प्रशिक्षण घ्यावे लागते का, हेही कळले तर बरे होईल.

उत्तर १ : निवृत्त स्काउटमास्टर, कोल्हापूर जिल्हा

आपला प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण त्या संघनायकाचा चेहरा आपल्या लक्षात राहिला. मी २६ वर्षे पथक चालवले आणि पहिली काही वर्षे मीही हीच चूक करत होतो.

स्काउटिंगमध्ये संघ हे शिस्तीसाठी पाडलेले गट नसतात. स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरवले तेव्हा सुमारे २० मुलांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाला मुलांमधूनच एक नायक दिला. सहा ते आठ मुलांचा संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक आणि त्याच्या हाती खरीखुरी जबाबदारी, ही रचना तेव्हापासून चालत आली आहे. आपण संघनायकाला ओलांडून थेट मुलांच्या हातातले काम घेतले, त्यामुळे त्या पाच मिनिटांपुरते त्याचे पद आपल्याकडे आले. त्याला ते जाणवले, आणि आपल्यालाही जाणवले, म्हणूनच आपण हा प्रश्न विचारला.

यापुढे काही शिकवायचे झाल्यास फक्त संघनायकाला शिकवावे, तेही पथक सुरू होण्याआधी अर्धा तास, बाकीची मुले नसताना. तिपाईचेच उदाहरण घेऊ. तीन काठ्या शेजारी शेजारी ठेवून कडेच्या काठीवर क्लोव्ह हिच या गाठीने सुरुवात करायची, मग सुतळी एकीच्या वरून आणि दुसरीच्या खालून अशी सहा-सात वेळा विणत न्यायची, नंतर काठ्यांच्या मधल्या फटींतून दोन-दोन आवळणारे वेढे द्यायचे आणि पुन्हा क्लोव्ह हिचने शेवट करायचा. मुले हमखास चुकतात ती एकाच ठिकाणी : विणताना वेढे इतके घट्ट ओढतात की नंतर तिपाईचे पाय फाकतच नाहीत. मग जोर लावून पाय फाकवतात आणि सुतळी तुटते. आपल्या मुलाच्या संघाचेही बहुधा हेच झाले असावे. ही एक गोष्ट आपण संघनायकाच्या हातून दोनदा करून घेतली, तर तो पुढे सात जणांना शिकवेल आणि त्याचा शब्द संघात मानला जाईल.

पथक चालू असताना आपल्या हाती दुसरी पुष्कळ कामे आहेत. काठ्या मोजून देणे, दोऱ्या ओल्या असतील तर वाळवणे, प्रथमोपचार पेटीतले आयोडीन आणि पट्ट्या संपल्या नाहीत ना हे पाहणे, हजेरी आणि प्रगतीची नोंदवही भरणे ही सारी कामे स्काउटमास्टरांचा जीव खातात. प्रवेश झाल्यापासून प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपानापर्यंत (सोपान म्हणजे स्काउटच्या प्रगतीची पायरी) प्रत्येक मुलाने काय पूर्ण केले, कोणत्या तारखेला केले, याची नोंद चोख नसली, तर राज्य पुरस्काराच्या चाचणीच्या वेळी पात्र मुलेसुद्धा मागे राहतात. हे मी माझ्या पथकात पाहिले आहे, आणि दोष मुलांचा नव्हता, माझ्या वहीचा होता. आपल्याला अक्षर आणि चिकाटी असेल तर ती वही मागून घ्या.

उत्तर २ : गाइड (मुलींच्या पथकातल्या) मुलीची आई, नाशिक

मी फक्त ‘खरी कमाई’बद्दल लिहिते, कारण आमच्याकडे त्या उपक्रमाचा अर्थच हरवला होता.

मुलांनी स्वतःच्या श्रमातून चार पैसे मिळवावेत, कष्टाचे मोल जाणावे, एवढ्यासाठी हा उपक्रम आहे. आपल्याकडच्या बहुतेक शाळांत मुले खाद्यपदार्थांचे स्टॉल लावतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या शाळेत असे झाले की साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, ढोकळा हे सगळे आम्ही आयांनी पहाटे चारला उठून केले, वडिलांनी डबे पोहोचवले आणि मुली टेबलामागे उभ्या राहून फक्त सुटे पैसे मोजत होत्या. विकत घेणारेही आम्हीच होतो. एका घरातले पैसे दुसऱ्या घरात गेले, त्याला कमाई कशी म्हणायची?

गेल्या वर्षी आम्ही पाच आयांनी पथक चालवणाऱ्या गाइड कॅप्टनना भेटून एकच विनंती केली, की मुलींना स्वतः करता येईल तेवढेच ठेवा. माझ्या मुलीच्या संघाने भेळ आणि कोकम सरबत ठरवले. ६०० रुपये आम्ही उसने दिले, भेट म्हणून नव्हे, आणि ते परत घेतले. मुली स्वतः बाजारात जाऊन मुरमुरे, फरसाण, चिंच, गूळ घेऊन आल्या. कांदा किती लागेल याचा अंदाज चुकला आणि निम्मा उरला. सरबत मात्र तासाभरात संपले. उसने फेडून हातात २४० रुपये राहिले. त्या पैशांचे काय करायचे यावर संघात जी चर्चा झाली ती मी दाराआडून ऐकली. शेवटी त्यांनी शिबिरासाठी रॉकेलऐवजी बॅटरीवर चालणारा कंदील घेतला. आजही त्या कंदिलाला आमच्या घरात कोणी हात लावलेला माझ्या मुलीला चालत नाही.

तुमच्या शाळेत स्टॉलच लावणार असतील, तर घरून तयार पदार्थ न देण्याचा आग्रह तुम्ही धरा. पहिल्या वर्षी काही पालक नाराज होतात, आम्हालाही बोलणी खावी लागली, पण ती सोसण्यासारखी आहेत.

उत्तर ३ : रोव्हर, पुणे

मी शाळेत स्काउट होतो, आता रोव्हर, म्हणजे मोठ्या वयाचा स्काउट, म्हणून एका पथकाला मदत करतो. पहिल्या उत्तरातल्या सरांचे म्हणणे मला पटते, पण एका मुद्द्यावर थोडे वेगळे सांगावेसे वाटते. मुलांना चुकू द्यावे हे तिपाईच्या बाबतीत अगदी खरे आहे, मात्र विस्तव, पाणी आणि रस्ता या तिन्ही ठिकाणी चुकीला जागाच ठेवू नये. शिबिरात नदीकाठ किंवा तलाव जवळ असला, तर ‘संघनायक लक्ष ठेवील’ असे म्हणून मोठ्या माणसाने तेथून हलता कामा नये. चौदा वर्षांच्या मुलावर तेवढा भार टाकणे त्याच्यावरही अन्याय आहे. हाइकला (पायी भटकंतीला) निघताना रांगेच्या पुढे एक आणि सर्वांत मागे एक मोठा माणूस हवाच, आणि मागच्याने कोणत्याही कारणाने कोणाच्या पुढे जायचे नाही. हे मागचे काम पालकाला उत्तम जमते. अजिंक्यताऱ्यासारख्या ओळखीच्या गडावरही हा नियम सोडू नका, कारण ओळखीच्या वाटेवर मुले पळतात.

दुसरी गोष्ट मदत करणाऱ्या मोठ्यांविषयी आहे आणि ती स्पष्टच लिहितो. कोणत्याही मुलाबरोबर तंबूत, खोलीत किंवा गाडीत एकट्याने थांबू नये. दुसरा मोठा माणूस किंवा दुसरी मुले समोर असावीत. हा अविश्वास नाही, यात मुलाचे आणि आपले, दोघांचेही संरक्षण आहे. मुलींच्या शिबिरात महिला नेत्या असायलाच हव्यात.

प्रशिक्षणाचे म्हणाल, तर शनिवारी दोन तास मदत करण्यासाठी आपले स्काउटमास्टर सांगतील तेवढे पुरते. पण गोडी लागली आणि स्वतः पथक घ्यावेसे वाटले, तर स्काउटर्ससाठी, म्हणजे पथक चालवणाऱ्या मोठ्यांसाठी, आधी बेसिक कोर्स, मग ॲडव्हान्स, आणि त्यानंतर हिमालय वुड बॅज अशी वाट आहे. शिबिरे निवासी असतात, तेथे आपल्यालाच संघात राहून स्वयंपाक करावा लागतो, तंबू उभारावा लागतो. स्काउट-गाइडच्या जिल्हा कार्यालयात चौकशी केली की तारखा कळतात.

आणखी एक, शक्य असेल तर आपल्या मुलाच्या संघाकडे लक्ष देण्याचे काम घेऊ नका. दुसऱ्या संघाबरोबर असलात की आपला हातही आवरता राहतो आणि मुलगाही मोकळा राहतो.

उत्तर ४ : निवृत्त स्काउटमास्टर, कोल्हापूर जिल्हा

विस्तव, पाणी आणि रस्ता यांविषयी रोव्हर मित्राने लिहिले ते पूर्णपणे बरोबर आहे आणि ते मी आधीच लिहायला हवे होते. शिबिराच्या जागेची पाहणी आठ दिवस आधी स्काउटमास्टरांबरोबर जाऊन करा : पिण्याचे पाणी कुठले, शौचालय किती अंतरावर, जवळचा दवाखाना रविवारी उघडा असतो का, एवढे तरी पाहून या.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल शनिवारी अर्धा तास आधी गेलो. स्काउटमास्टरांना विचारून त्या संघनायकाला बोलावले आणि मागच्या आठवड्यात मी मध्ये पडायला नको होते, असे त्याला सांगितले. तो काही बोलला नाही, पण मी बांधलेली तिपाई त्याने स्वतः सोडली. मग आम्ही दोघांनी जमिनीवर बसून तीन काठ्यांवर दोनदा सराव केला. वेढे सैल कुठे ठेवायचे ते त्याच्या माझ्याआधी लक्षात आले.

पथक सुरू झाल्यावर मी दुसऱ्या संघापाशी बसून नोंदवही भरत होतो, त्यामुळे त्याने मुलांना काय सांगितले ते ऐकू आले नाही. तिपाई एका बाजूला किंचित कलली होती, पण पाण्याने भरलेले घमेले तिच्यावर शेवटपर्यंत राहिले आणि सगळ्या संघाने त्यात हात धुतले. जाताना तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “काका, ही सुतळी फार बारीक आहे, पुढच्या वेळी जाड आणाल का?” आज मंडईतून चार गुंड्या आणून ठेवल्या आहेत.